जुन्या तोंडवळ्याचा कॅमेरा

मित्रांनो, मी एक जुना दिसणारा कॅमेरा आहे. वयाने म्हणाल तर मी काही म्हातारा नाही. माझ्या डोक्यावर धातूच्या तीन चकत्या आहेत, अंगावर काळं खरखरीत कातडं आहे, आणि पाहणाऱ्याला वाटतं की यात रीळ घालत असतील. पण माझ्या पोटात रीळ नाही. नखाएवढं एक कार्ड आहे आणि बॅटरी आहे. मला घडवणाऱ्यांनी मला आजोबांचा चेहरा दिला आणि नातवाचं पोट. त्या चेहऱ्याचं फार कौतुक झालं, आणि त्यानेच एका भल्या माणसाचा घात केला.

मला एका रक्त तपासणाऱ्या बाईने घेतलं. घरी तिला ताई म्हणत. तिच्या बाबांनी चाळीस वर्षं फोटोचं दुकान चालवलं होतं. लग्नं, शाळेचे वर्ग, ओळखपत्रं, सगळं त्यांनी टिपलं. दुकान बंद झालं तसे ते घरात नुसते येरझाऱ्या घालू लागले. ताईने मला त्यांच्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "तुमच्या जुन्यासारखाच आहे बघा, बाबा."

बाबांनी चष्मा न लावताच माझ्या चकत्या फिरवल्या. "वाचावं लागत नाही याला," ते म्हणाले. "बोटांना आपोआप कळतंय." त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

त्या घरात आई शिवणकाम करायच्या. गावभर फोटो काढणाऱ्या या माणसाला बायकोचा एकही चांगला फोटो काढता आला नव्हता. जुन्या कॅमेऱ्याचं 'खट्ट' ऐकू येणार या धास्तीनेच आईंचे खांदे वर जायचे आणि चेहरा असा व्हायचा, जणू दंतवैद्याच्या खुर्चीत बसल्या आहेत. "अख्ख्या जगाला हसवलंत, घरचं माणूस तेवढं राहिलं," असं त्या चिडवायच्या.

पण मला आवाज न करता फोटो काढता येतो. एका दुपारी आई खिडकीशी सुईत दोरा ओवत होत्या. जीभ दातांत धरलेली, एक डोळा मिटलेला. बाबांनी दारातूनच मला उचललं. आईंना पत्ताही लागला नाही. बाबांनी माझ्या पाठीवरच्या पडद्यावर तो फोटो पाहिला आणि ते कितीतरी वेळ उभेच राहिले. मग हळूच म्हणाले, "सापडली एकदाची."

पुढे आईंचं हृदय कमजोर झालं. डॉक्टरांनी मशीन चालवायला बंदी केली. त्या खिडकीशी बसून हातानेच कापडाच्या कडा दुमडायच्या. तिथे उजेड कमी असायचा, पण कमी उजेडाचं मला भय नाही. बाबा रोज दोन-तीन फोटो काढायचे. आई झोप लागता लागता, आई शेजारणीशी बोलताना, आई स्वतःशीच रुसलेल्या.

माझे दोषही लपवत नाही. माझ्या अंगाला बोटं रुतवायला जागा नाही, त्यामुळे एकदा बाबांच्या हातातून निसटून माझा कोपरा चेपला. माझी बॅटरी पटकन उतरते. आई खळखळून हसल्या आणि नेमका मी मिटलो, असं कैकदा घडलं. आणि माझ्यात कार्ड एकच. त्याची दुसरी प्रत ठेवायची सोय नाही.

ताई म्हणायची, "बाबा, ते फोटो कॉम्प्युटरवर उतरवून घेऊ या. कार्ड गेलं तर सगळंच जाईल."

"रीळ संपू दे की," बाबा म्हणायचे. "अर्धवट रीळ कुणी धुतं का?"

ते थट्टा करत नव्हते, मित्रांनो. माझं रूप पाहून त्यांना खरंच तसं वाटायचं.

आईंना बारा दिवस दवाखान्यात ठेवलं. मी कपाटात पडून होतो. बॅटरी पार संपली आणि माझं घड्याळ तारीख विसरलं. आई घरी आल्या तेव्हा बाबांनी मला चार्ज केलं आणि तारीख नीट लावायला बसले. वरच्या चकत्या जितक्या सोप्या, तितकी माझ्या आतली यादी आडवळणाची. अक्षरं मुंगीएवढी. चष्मा आत राहिला होता. एका पानावर मी विचारलं, 'सगळं पुसायचं?' बाबांना वाटलं, मी तारीख बरोबर आहे का विचारतोय. त्यांनी 'हो' दाबलं.

एकशे नव्वद फोटो होते. मला नाही म्हणता येत नाही.

पडद्यावर 'एकही फोटो नाही' असं आलं. बाबांनी चष्मा आणून ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग मला मांडीवर ठेवून ते आईंच्या पलंगाच्या कडेला बसले.

"अगं, तुझे सगळे फोटो गेले. माझ्याच हाताने."

आईंनी विचारलं, "किती होते?"

"एकशे नव्वद."

"एवढे कधी काढलेत? मला चोरून?"

बाबांनी मान हलवली.

"मग पुन्हा काढा. तेवढेच काढा. मी कुठे पळून जातेय? आणि ताईला सांगू नका, उगाच तुम्हाला बोलेल."

दुसऱ्या दिवसापासून आई खिडकीशी बसू लागल्या. केस विंचरून, थेट माझ्याकडे बघत. ज्या बाईला आयुष्यभर माझ्या जातीची धास्ती वाटली, ती आता डोळ्याला डोळा भिडवून हसायची. दम लागला की म्हणायची, "थांबा, आत्ता नको," आणि श्वास परत आला की विचारायची, "कितवा झाला?"

"एकशे चौदावा."

"घाई करा थोडी."

अकराव्या दिवशी सकाळी एकशे बासष्ट झाले. त्या दुपारी आई झोपेतच गेल्या.

पंधरा दिवसांनी बाबांनीच ताईला सगळं सांगितलं. ती मला घेऊन एका दुरुस्तीवाल्याकडे गेली. त्याने कार्ड यंत्राला लावलं, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "पुसल्यावर यावर पुन्हा फोटो काढलेत का?"

"हो. दीडशेच्या वर."

तो हळू आवाजात म्हणाला, "ताई, पुसले गेले तेव्हा ते आतच होते. लगेच कार्ड काढून आणलं असतंत तर बहुतेक सगळे मिळाले असते. नवे फोटो त्यांच्यावर जाऊन बसले."

जुन्यांपैकी शेवटचे एकोणीस निघाले. त्यांतल्याही बऱ्याच फोटोंचा अर्धा भाग चित्र जाऊन नुसता करडा झालेला. सुईत दोरा ओवणारा फोटो त्यांत नव्हता.

ताईने बाबांना कार्डाचं खरं काही सांगितलं नाही. "एवढेच मिळाले," एवढंच म्हणाली. नंतर तिने नव्या फोटोंतला एक भिंतीवर लावायचा म्हटलं, तेव्हा बाबांनी मान हलवली. "नको. त्यात ती मला धीर द्यायला हसलीय. लोकांना वाटेल, बाई मजेत होती."

त्यांनी भिंतीसाठी एकोणिसांतलाच एक निवडला. वरचा अर्धा करडा आहे. खाली आईंचे दोन हात आणि कापडाची दुमडलेली कड तेवढी दिसते.

मी आता कपाटात असतो. बाबा मला उचलत नाहीत, आणि मला त्यांचा राग येत नाही. मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखा कुणी असेल. त्याच्या रूपावर भुलू नका, त्याला कोरड्यात ठेवा. त्याने काही विचारलं तर चष्मा लावून वाचा. आणि त्याच्या पोटातली माणसं आजच दुसरीकडे उतरवून ठेवा. चुकून पुसली गेलीच, तर मात्र बटण दाबून नवा फोटो काढू नका. कार्ड काढा, बाजूला ठेवा आणि कुणाला तरी सांगा. लाजू नका. त्या दोघांनी हे ताईपासून लपवलं, आणि मी सगळं जाणून गप्प राहिलो. मला आवाजच नाही.