बुधाजींचे टाके

इस्पितळाच्या मोठ्या साहेबांनी जिनिंग कारखान्यातल्या बाईच्या दंडावरची पट्टी सोडली आणि जखमेवरून हलकेच बोट फिरवलं. सात टाके, सगळे सारख्या अंतरावर, एकही ओढलेला नाही की ढिला नाही.

"शाब्बास, काळमेघ! अकोल्यात असा हात मी पाहिला नाही."

हाउस सर्जन सूर्यभान काळमेघ कसनुसा हसला. ते टाके मलमपट्टी करणाऱ्या ड्रेसर बुधाजींचे होते. आठ महिन्यांतले सगळेच त्यांचे होते. इस्पितळात डॉक्टर कमी, दाराशी रोग्यांची रीघ. पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला होता, "बुधाजी, एवढं तुम्हीच उरका, मी जरा वाचत बसतो." बुधाजी टाके घालत गेले आणि हा नोंदवहीत स्वतःचं नाव घालत गेला. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला काही डॉक्टरकीची पदवी लागत नाही.

साहेबांनी नोंदवही चाळली.

"तिकडे जंगलात धारणीच्या दवाखान्याला ड्रेसर नाही. इथे सगळे टाके तुम्हीच घालता, तेव्हा बुधाजींना तिकडे पाठवावं म्हणतो. चालेल ना त्यांच्यावाचून?"

बुधाजींची लेक मैना यंदा मॅट्रिकला बसणार होती. त्यांच्या घराण्यात तिथवर कुणीच पोचलं नव्हतं. आई नसलेल्या पोरीला जुन्या शहरात एकटी ठेवणार कोणाच्या भरवशावर? सूर्यभानला हे सगळं ठाऊक होतं. 'नाही चालणार' एवढंच म्हणायचं होतं. पण मग साहेब विचारणार, का?

"चालेल, सर," तो म्हणाला.

पडद्यापलीकडे बुधाजी उकळत्या पाण्यातून चिमटे काढत होते. चिमट्यांचा आवाज थांबला. सूर्यभानला स्वतःची किळस आली.

दुपारी तो ड्रेसिंगच्या खोलीत गेला तर बुधाजी त्याचीच वाट पाहत होते. समोर ट्रेमध्ये सुई, दोरा आणि साल उभी चिरलेलं एक संत्रं.

"बसा, डाक्टरसाहेब. हुकूम निघाला. सोमवारी मी जाऊन राहिलो. चार दिवस हायेत."

"बुधाजी, सकाळी मी..."

"आयकलं मी. सुई धरा."

सूर्यभानने पहिला टाका घातला आणि गाठ आवळली, तसा सालीतून रस फुटून बोटांवर आला.

"लय ओढलं. मानसाचं कातडं असतं तं फाटलं असतं. पुन्ना."

दुसरी गाठ सुटली. तिसरीही सुटली. सूर्यभानने सुई खाली ठेवली.

"मी साहेबांना खरं काय ते सांगून टाकतो. आत्ताच जातो."

"सांगा ना. मंग मलेच मेमो भेटन. डाक्टरचं काम ड्रेसरनं काहून केलं म्हनून."

शरमेने सूर्यभानचे कान तापले. खरं बोलायची सोयसुद्धा त्याने ठेवली नव्हती.

बुधाजींनी सुटलेला दोरा काढला, नवा ओवला आणि सुई त्याच्या हातात दिली.

"मैनेचं मी पाहीन काईतरी. पन मंगळवारी एखादी बाई डोकं फुटलेलं लेकरू घेऊन येईन. तिले काय सांगसान, चालेल म्हनून?"