निळ्या पेटीची घालमेल

मित्रांनो, आधी ते झाकण लावा बरं. हो, माझंच. आत नुसते खडू आणि एक फुटका चेंडू आहे, झाकण उघडं राहिलं म्हणून त्यांचं काही बिघडत नाही, हे मलाही कळतं. पण उघडं झाकण दिसलं की माझा जीव खालीवर होतो. आयुष्यभराची सवय आहे, ती अशी जायची नाही.

मी लसीची जुनी पेटी आहे. निळी, चौकोनी आणि जाडजूड. कारखान्यात प्लास्टिकच्या दोन भिंतींमध्ये थर्माकोलसारखा फेस भरून मला बनवलं. बाहेरची उष्णता आत येऊ द्यायची नाही, हे त्या फेसाचं काम. तपासणी करणाऱ्या काकांनी माझं झाकण पुन्हापुन्हा उघडून लावून पाहिलं आणि म्हणाले, "ही टिकेल." एवढंच कौतुक वाट्याला आलं, पण त्याच दिवशी काळजीही जडली. माझ्या पोटातलं गार राहिलं पाहिजे!

आता गार म्हणजे किती? लोकांना वाटतं, जितकं गार तितकं चांगलं. तसं मुळीच नाही. फ्लूची लस तापली तर बिघडतेच, पण गोठली तरीही बिघडते. फार ऊब नको आणि फार थंडीही नको. असा नाजूक पाहुणा पोटात घेऊन फिरणाऱ्या पेटीला स्वस्थता कुठून येणार?

मी एका दवाखान्यात आले. तिथल्या नर्सबाई मला स्कूटरच्या मागे पट्ट्याने बांधून शाळाशाळांतून न्यायच्या. निघण्याआधी त्या बर्फाचे आइसपॅक फ्रीजरमधून काढून टेबलावर मांडत. आइसपॅक म्हणजे पाणी भरलेल्या चपट्या बाटल्या. त्यांना बाहेरून घाम फुटेपर्यंत नर्सबाई थांबत. मग एकेक उचलून कानाशी धरत आणि हलवत. आतून पाण्याची खळखळ ऐकू आली, म्हणजे बर्फ थोडा सैलावला, आता तो लसीला गोठवणार नाही. मगच पॅक माझ्या पोटात जायचे. दवाखान्यातले लोक चेष्टा करायचे, "काय सिस्टर, आज बर्फ काय म्हणतोय?" नर्सबाई म्हणायच्या, "म्हणतोय, तोंड बंद ठेवा आणि फ्रीजरचं दार लावा."

अशी आमची जोडी होती. पण एका हिवाळ्यात जे घडलं, ते आठवलं की अजून माझं झाकण थरथरतं.

शाळेत फ्लूची साथ शिरली होती. वर्गातले बाक रिकामे पडू लागले होते. शाळेतल्या मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना लस द्यायची असं ठरलं, पालकांना सकाळीच बोलावलं. आणि नेमकी त्याच सकाळी स्कूटर रुसली. किका मारून मारून नर्सबाई घामाघूम झाल्या. तेवढ्यात शाळेतून फोन आला, "कुठे आहात? सगळे ताटकळलेत." स्कूटर एकदाची सुरू झाली तशी नर्सबाई धावत आत आल्या. त्यांनी फ्रीजर उघडला आणि पांढरे, कडकडीत आइसपॅक थेट माझ्यात कोंबले. घाम फुटू दिला नाही, कानाशी धरले नाहीत. लसीच्या बाटल्या त्यांना चिकटून बसल्या.

मी आतल्या आत ओरडत होते. "अहो बाई, थांबा! खळखळ ऐका आधी!" पण पेटीचं ऐकतं कोण? वाटभर बर्फाचा गारठा बाटल्यांमध्ये शिरत होता आणि मी त्याला अडवू शकत नव्हते. बाहेरचं बाहेर ठेवायला मला शिकवलं होतं. आतलं आतल्याला छळू लागलं तर काय करायचं, ते कुणी शिकवलं नव्हतं.

शाळेच्या मोठ्या खोलीत मुलांच्या छोट्या खुर्च्यांवर मोठी माणसं अवघडून बसली होती. सर्वांत पुढे एक आत्या बसली होती. ती शिलाईकाम करायची, मापाची टेप गळ्यात तशीच घालून आलेली. शेजारी तिची भाची उभी. तिला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी ठरतच नसे. भिंगरीला नुकताच धाकटा भाऊ झाला होता. तो वेळेआधी जन्मला होता आणि बरेच दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत होता. तीही पेटीच, माझी लांबची बहीण, फक्त उबदार. बाळ आता घरी आलं होतं, पण त्याचा श्वास अजून नाजूक होता.

नर्सबाईंनी सांगायला सुरुवात केली. शिंक आली की तळहातात नाही, कोपराच्या बाकात शिंकायचं. हात साबणाने धुवायचे, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. ताप असेल तर शाळेत यायचं नाही. औषध न घेता पूर्ण एक दिवस ताप आला नाही, मगच यायचं. आणि लस दरवर्षी घ्यायची.

"दरवर्षी कशाला?" आत्याने विचारलं. "मागे मी घेतली तर दुसऱ्या दिवशी अंगात कणकण. लसीनेच फ्लू होतो, असं वाटतं मला तर."

"या सुईतून फ्लू होत नाही हो," नर्सबाई म्हणाल्या. "दंड दुखतो, एखादा दिवस कणकण वाटते. शरीर लढायला शिकत असतं. आणि फ्लूचा विषाणू दरवर्षी थोडा बदलून येतो, म्हणून लसही बदलावी लागते."

आत्याने टेपवरून हात फिरवला. "म्हणजे पोर वाढलं की मागच्या वर्षीचं माप चालत नाही, तसं?"

"अगदी तसं. आणि तुमच्या घरी बाळ आहे ना? सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देता येत नाही. त्याला जवळ घेणाऱ्या सगळ्यांनी घ्यायची. तेच त्याचं पांघरूण."

आत्याने खुर्ची मागे सरकवली. मग भिंगरीला म्हणाली, "जा, पहिली तूच."

भिंगरीने बाही वर केली आणि डोळे गच्च मिटले. नर्सबाईंनी माझं झाकण उघडलं. माझ्या पोटातला तापमापक त्यांनी पाहिला आणि त्यांचा हात जागच्या जागी थांबला. काटा शून्याच्या खाली होता. त्यांनी एक बाटली उचलून उजेडात धरली. तिच्यात बर्फाची पातळ कड चमकत होती. बाकीच्या बाटल्या मात्र पाण्यासारख्या नितळ दिसत होत्या. कुणाला काही कळलं नसतं.

मुख्याध्यापिकांनी वाकून पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "वितळेल की आत्ता. एवढी माणसं रजा काढून आलीत हो."

नर्सबाईंनी बाटली परत आत ठेवली. माझा जीव टांगणीला लागला. सुई टोचली असती तर पोर हसत घरी गेली असती, सगळ्यांना वाटलं असतं की बाळाभोवती पांघरूण आलं. आणि पांघरूण तर नसतंच.

मग नर्सबाईंनी झाकण लावलं आणि सगळ्यांकडे वळल्या. "आज सकाळी माझ्या हातून चूक झाली. घाईत बर्फ नीट तपासला नाही, लस गोठली. वितळली तरी तिच्यातला दम गेलेला असतो. ही मी कुणालाच देणार नाही. दवाखान्यात जाऊन दुसरी आणते. वेळ लागेल, कारण या वेळी मी घाई करणार नाही."

खोलीत एकच गलका झाला. कुणी हातातल्या घड्याळाकडे बोट दाखवलं, कुणी खुर्ची सरकवून निघालं. आत्या उठली. "चल गं, घरी," ती एवढंच म्हणाली आणि भिंगरीचा हात धरून चालू लागली. भिंगरी दारापर्यंत मागे वळून बघत होती, बाही अजून वर केलेलीच. मला फार वाईट वाटलं. एवढी समजूत घातलेलं माणूस हातचं गेलं होतं.

दवाखान्यात नर्सबाईंनी खराब बाटल्या खूण करून वेगळ्या ठेवल्या. आइसपॅक टेबलावर मांडले आणि समोर खुर्ची ओढून बसल्या. फोन वाजत होता. घाम काही फुटेना. मला वाटत होतं, चला आता, पुरे, ती माणसं जातील! आणि त्याच क्षणी वाटत होतं, नका हो उठू, मुळीच उठू नका. शेवटी त्यांनी एकेक पॅक कानाशी धरला. खळखळ, खळखळ. तेव्हा कुठे आम्ही निघालो.

खोली अर्धी रिकामी झाली होती. जे थांबले होते, त्यांना लस दिली. आत्या नव्हती. दुपार कलली. नर्सबाई मला बांधायला पट्टा शोधू लागल्या, इतक्यात दारात मापाची टेप दिसली.

आत्या धापा टाकत होती. मागे भिंगरी, तिच्या मागे तिचे बाबा, बेकरीतून थेट आलेले, कोपरापर्यंत पिठाने माखलेले. आणि बाळाची आईसुद्धा.

"शेजारणीला बाळापाशी बसवून सगळ्यांना गोळा करून आणलंय," आत्या म्हणाली. "बिघडलेलं कापड गुपचूप शिवून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणारे मी खूप पाहिलेत, सिस्टर. तुम्ही चारचौघांत बाजूला काढलंत. आता आधी मला टोचा. पोरीला बघू दे."

नर्सबाईंनी आत्यापुढे खुर्ची सरकवली. मग माझं झाकण उघडलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी फ्लू भिंगरीच्या गल्लीतही आला. लस घेतली की फ्लू कधीच होत नाही, असं मी खोटं सांगणार नाही. भिंगरीला थोडा ताप आला, पण लवकर उतरला. तेवढे दिवस ती बाळापासून दूर, दुसऱ्या खोलीत झोपायची आणि आत्याने शिवलेला मास्क लावून दारातूनच त्याला वाकुल्या दाखवायची. बाळाला काही झालं नाही. हे नर्सबाईंनी स्कूटर चालवताना मला मोठ्याने सांगितलं. येणारेजाणारे बघत राहिले.

पुढे माझी कडी तुटली, झाकण सैल झालं. दवाखान्यात नवी पेटी आली आणि मला या पहिलीच्या वर्गात खिडकीपाशी ठेवलं. तुम्ही माझ्यावर बसता, मला ढोल समजून बडवता. बडवा बापडे. पण मित्रांनो, तुमच्या शिंकांचे आवाज ऐकले की मी आजही अस्वस्थ होते. हात धुवा. ताप असेल तर घरी थांबा. आणि लसीचा दिवस आला की आईबाबांना आठवण करून द्या, कारण तुमच्या घरी, शेजारी कुणीतरी असं असतं, ज्याला स्वतःला लस घेता येत नाही.

आज तो दिवस आहे. नर्सबाई नवी पेटी घेऊन वर्गात आल्यात, त्यांचे केस पांढरे झालेत. रांगेत पहिला एक किडकिडीत मुलगा उभा आहे. त्याला पोचवायला आलेली मोठी ताई दारात एका जागी ठरत नाहीये. मी तिला लगेच ओळखलं, आणि मग त्यालाही.

"दुखतं का?" तो विचारतो.

"थोडं," नर्सबाई म्हणतात आणि एक आइसपॅक त्याच्या कानाशी धरून हलवतात.

तो ऐकतो, हसतो आणि बाही वर करतो. पण एकदम काहीतरी आठवल्यासारखा खिडकीपाशी येतो, माझं उघडं झाकण नीट लावतो आणि पुन्हा रांगेत पहिला जाऊन उभा राहतो.