श्वासनाथांची गादी

पावणे गावातल्या बंद वर्कशॉपच्या शेडमध्ये श्वासनाथ महाराजांचा दरबार खच्चून भरला होता. धापेचे रोगी पहिल्या रांगेत, म्हणजे धुपाचा धूर आधी त्यांनाच.

पाच महिन्यांच्या गरोदर उन्नतीला तिची सासू गोजरा इथे घेऊन आली होती. चार पावलं टाकली की उन्नतीला धाप लागे, ओठ निळसर पडत.

महाराज जमान्याबरोबर चालणारे. त्यांनी तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. अठ्ठ्याऐंशी.

"छातीत बाधा बसलीय. आमच्या गादीवर आडवी हो."

मोरपीस फिरलं, मंत्र पुटपुटला गेला. आकडा पंच्याण्णववर चढला. शेड जयजयकाराने दणाणली.

"डिलिव्हरीपर्यंत डॉक्टरचं तोंड पाहायचं नाही," महाराजांनी बजावलं.

उन्नतीला खरंच बरं वाटलं होतं. पण रिक्षात बसताच पुन्हा धाप लागली.

"गादीचा गुन हाय तो. आकडा खोटा होता काय?" गोजरा म्हणाली.

"आकडा खराच होता, आई. पण आधीचा अठ्ठ्याऐंशीही खराच. त्याचंच टेन्शन आलंय."

दुसऱ्या दिवशी नवरा हितेश दोघींना बेलापूरला डॉ. संघमित्रांकडे घेऊन गेला.

"नाकातून रक्त येतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"लहानपणापासून. माझ्या आईलाही यायचं."

डॉक्टरांनी ऑक्सिमीटर लावून तिला टेबलावर झोपवलं. आकडा चढला. उठवून बसवलं, तो उतरला. गोजराने इकडेतिकडे पाहिलं. मोरपीस कुठेच नव्हतं.

तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "फुफ्फुसाच्या तळाशी काही रक्तवाहिन्या चुकीच्या जोडल्या गेल्यात. नाकातून रक्त येतं तेही याच आनुवंशिक दोषामुळे. त्यांतलं रक्त ऑक्सिजन न घेताच पुढे सटकतं. बसलं की त्या वाटेने जास्त जातं, आडवं झालं की कमी. गरोदरपणात या वाहिन्या फुगतात. फुटल्या तर आई आणि बाळ, दोघांच्या जिवाशी खेळ."

उन्नतीचा हात आपसूक पोटावर गेला. "मग आता?"

"मांडीच्या शिरेतून बारीक नळी नेऊन ती आडवाट बंद करू. बाळाला जपूनच करतो हे."

"मंग त्या बाबानं काय केलान?" गोजराने विचारलं.

"झोपवलं," डॉक्टर म्हणाल्या.

उपचार नीट पार पडला. आता बसल्यावरही आकडा उतरेना. उन्नती घरी आली, त्याच आठवड्यात गोजरा दरबारात जाऊन उभी राहिली. "महाराज, झोपवून कुनीबी आकडा चढवील. माज्या सुनंला डॉक्टरीनबाईनं बसल्या जागी बी आकडा टिकंल अशी बरी केली. तुमी कुनाला तशी करून दावा." महाराजांना एकाएकी ध्यान लागलं. मागच्या दोन रांगा मुकाट्याने उठून गेल्या.

यथावकाश उन्नतीला मुलगी झाली.

चमत्कार दिसला तर हात जरूर जोडावेत. पण त्याआधी तोच प्रयोग महाराजांना वगळून करून पाहावा. आणि गरोदर बाईला धाप लागत असेल, तर प्रयोगही नको. तिला थेट दवाखान्यात न्यावं.