भाऊसाहेब खोकल्यांचा शेवट

रविवारी संध्याकाळी रेडिओवर भाऊसाहेब खोकले बोलायला लागले की ठाकूरद्वारच्या त्या इमारतीत जिन्यावरची वर्दळ थांबायची. भाऊसाहेब म्हणजे एका विनोदी श्रुतिकेतले ऐंशीचे सासरे. दर भागात मरायला टेकायचे आणि चहा गार मिळाला म्हणून भांडायला उठून बसायचे. त्यांचं काम करणारे कमलाकांत अजिंक्य, सगळ्यांचे अप्पा, त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायचे. कचेरीतून निवृत्त झालेले, बायको राजलक्ष्मी जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात ते आणि मुलगी बेबी. बेबी शाळेत शिकवायची. तिचं लग्न राहून गेलं ते गेलंच.

एकोणसाठ सालच्या गणपतीनंतरची गोष्ट. जेवण उरकून बेबी भांडी घासत होती, तेवढ्यात अप्पा पुन्हा पाटावर येऊन बसले.

"बेबी, आज भुजणं केलं नाहीस?"

नुकत्याच खाल्लेल्या भुजण्यातल्या माशाचे काटे अजून मोरीतच होते. बेबीला आधी वाटलं थट्टा करताहेत. मग तिने त्यांचा चेहरा पाहिला आणि पुन्हा वाढलं.

डॉक्टर म्हणाले, वय झालं. यावर औषध नाही.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी बेबी शेजारच्या उर्मिलाबाईंकडे रेडिओ ऐकत बसली होती. भाऊसाहेब सुनेला हाक मारत होते, आणि एकदम म्हणाले, "लक्ष्मी, अगं लक्ष्मी, माझा चष्मा कुठे ठेवलास?"

सुनेचं नाव लक्ष्मी नव्हतं. कागद हातात असूनही अप्पांची ओळ चुकली होती. सुनेचं काम करणाऱ्या सुनेत्राने क्षणभर थांबून सावरलं, "भाऊसाहेब, लक्ष्मी कोण?"

"लक्ष्मी कोण काय? तूच ना?"

सगळी इमारत खदखदून हसली. उर्मिलाबाईंनी डोळे पुसले. "अप्पांनी आज काय बहार केली गं!"

बेबी उठून घरी आली. आईला अप्पा लक्ष्मीच म्हणायचे.

श्रोत्यांची पत्रं आली. विसरभोळे भाऊसाहेब फारच आवडले होते. श्रुतिका लिहिणारे आणि बसवणारे गंगाधरपंत मग मुद्दामच तसं लिहायला लागले. भाऊसाहेब नावं विसरत, दोनदा जेवत, दुसऱ्याच्या घरात शिरत. इमारतीत हसू मावेना. आठवडाभर जे पाहून बेबीचा जीव टांगणीला लागायचा, त्यालाच रविवारी लोक हसायचे. शाळा, बाजार, अप्पांच्या मागे मागे राहणं. रात्री अंथरुणाला पाठ टेकली तरी तिचे कान दाराच्या कडीकडे असायचे.

शेवटी ती रेडिओ स्टेशनवर गंगाधरपंतांना भेटायला गेली.

"अप्पा नाटक करत नाहीत," ती म्हणाली. "ते खरंच विसरतात."

गंगाधरपंतांनी समोरचे कागद बाजूला सारले. "मला वाटलंच होतं."

"आणि तरी लिहिता?"

"सुरुवातीला कळलं नाही. कळलं तोवर लोकांना आवडायला लागलं होतं." मग ते जरा हळू म्हणाले, "माझे वडील गावी असेच गेले, बेबीताई. घरात कुणी हसलं नाही. हसायला हवं होतं की काय, ते मला अजून उमगलेलं नाही."

तिला त्यांचा राग राग करायचा होता, पण तेवढं त्राण उरलं नव्हतं. घरी येऊन तिने अप्पांना सांगितलं, "आता रेडिओ पुरे."

त्या दिवशी अप्पांना सगळं लख्ख आठवत होतं. म्हणाले, "घरी मी काही विसरलो की तू घाबरून बघतेस. मग मीही घाबरतो. तिथे विसरलो की लोक हसतात. मला तिथे बरं वाटतं गं."

त्यानंतर दर रविवारी बेबी त्यांच्याबरोबर जाऊ लागली.

पण उन्हाळ्याच्या तोंडाला कागद सांभाळणंही त्यांना जमेना. पानं उलटी लागत, कधी कधी ते मध्येच गप्प होत. गंगाधरपंत घरी आले. एप्रिलअखेर श्रुतिका थांबवायची, असं त्यांनी ठरवलं होतं. "भाऊसाहेबांना काशीला पाठवू. लोकांना वाईट वाटायला नको."

अप्पा चिडले. "काशीला? ज्या माणसाला मोरीपर्यंत जाववत नाही तो काशीला जाईल? मारा त्याला."

"विनोदी कार्यक्रमात मरण कसं दाखवायचं, अप्पा?"

"चहा पिताना जाऊ दे. तो म्हणेल, सूनबाई, साखर कमी आहे. सून म्हणेल, आता घालते. मागून डबा उघडल्याचा आवाज. पुढे काही नाही. संपलं. रडारड नको."

गंगाधरपंतांनी पेन खाली ठेवलं. बेबी स्वयंपाकघरात होती, ती तिथेच उभी राहिली.

शेवटचा भाग रविवार सोडून तीस एप्रिलला, शनिवारी ठेवला होता. बेबी स्टुडिओच्या काचेच्या अलीकडे गंगाधरपंतांशेजारी बसली. अप्पांनी त्या दिवशी एकही ओळ चुकवली नाही. औषधाला नावं ठेवली, मुलाला झापलं, डॉक्टरांना "तुमची तब्येत जपा हो" म्हणाले. मग घसा खाकरून, दमलेल्या आवाजात म्हणाले, "सूनबाई, साखर कमी आहे."

"आता घालते," सुनेत्रा म्हणाली.

डबा उघडल्याचा आवाज झाला. स्टुडिओत शांतता पसरली. गंगाधरपंतांनी शेवटच्या संगीतासाठी हात उचलला.

"अगं, मग घाल ना!" अप्पा म्हणाले. "डबा उघडून काय बघत बसलीस?"

सगळे थिजले. अप्पा सुनेत्राकडे खरोखरच वाट पाहत बघत होते.

"घातली, भाऊसाहेब."

"ढवळ."

आवाज काढणाऱ्या माणसाने धावत जाऊन पाण्याच्या ग्लासात चमचा फिरवला. अप्पांनी माईकसमोर मोठा भुरका मारला. "हां. आता बरं."

यंत्रावरचा माणूस तोंडात रुमाल कोंबून हसत होता. सुनेत्रा हसत होती की रडत होती, काचेतून कळत नव्हतं. गंगाधरपंतांनी संगीत सोडलं आणि खुर्चीत मागे टेकले.

"आता लोकांना काय सांगू? मेले की नाही?"

"दमले म्हणून सांगा," बेबी म्हणाली.

त्यांनी तसंच सांगितलं. पुढच्या आठवड्यात निवेदन झालं, भाऊसाहेब विश्रांती घेताहेत. तो कार्यक्रम पुन्हा झाला नाही, आणि अप्पाही पुन्हा रेडिओवर गेले नाहीत.

त्या शनिवारी दोघं टॅक्सीने घरी परतत होते. गिरगावात जागोजागी तोरणं आणि दिव्यांच्या माळा लावल्या होत्या. लोक घोळक्याने रस्त्यावर उतरले होते.

"काय आहे गं आज?"

"उद्यापासून महाराष्ट्र राज्य, अप्पा."

"मुंबईसकट?"

"मुंबईसकट."

अप्पांनी टोपी काढून हातात धरली. चार वर्षांपूर्वी ते संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्याला गेले होते आणि पायातल्या चपला हरवून अनवाणी परत आले होते. त्यांचे डोळे भरले. "मिळाली म्हणजे," ते म्हणाले. "लक्ष्मीला सांगायला हवं."

बेबीने मान हलवली. जरा पुढे गेल्यावर त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं.

"बेबी, एवढे दिवे कसले?"

तिने पुन्हा सांगितलं. पुन्हा टोपी निघाली, पुन्हा डोळे भरले, आनंद तेवढाच. टॅक्सीवाल्याने आरशातून पाहिलं. इमारतीच्या दाराशी उतरताना अप्पांनी तिसऱ्यांदा विचारलं. बेबीचे पाय दुखत होते, सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं, आणि अजून दोन मजले चढायचे होते.

"मुंबई मिळाली, अप्पा," ती म्हणाली, आणि त्यांचं रडून होईपर्यंत तिथेच पायरीवर बसून राहिली.