साहेबमाशाचं पोट

वाघदऱ्याच्या तळ्याचं काय करायचं, हे डाकबंगल्याच्या व्हरांड्यात तीन साहेब ठरवत होते आणि पायरीखाली भिकुबाई भोईण विळीवर त्यांचे मासे साफ करत बसली होती. त्या तळ्यात तिच्या सासऱ्यानं आणि सासऱ्याच्या बापानं जाळी टाकली होती. पण तिला कुणी काही विचारलं नव्हतं. मासे कापायला बोलावलेल्या बाईला तळ्यातलं काय कळणार?

साल चौतीस. चैत्र सरत आला होता, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तेरा दिवसांवर होती. धुळ्यापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवरचं हे तळं दरवर्षी आखाजीच्या आधी रिकामं करायची गावाची रीत होती. उसाला शेवटचं पाणी मिळालं की पाटाचं पाणी वाटणारा पाटकरी बांधातली पाणी सोडायची मोरी उघडी टाकायचा. भोयांच्या घरातली सगळ्यात थोरली बाई मोरीवर नारळ फोडायची, आणि मग तीन दिवस मासळी भोयांची. चौथ्या दिवसापासून गाळ गावाचा. लोक गाड्याच्या गाड्या भरून तो शेतात नेऊन टाकत. तळाशी उरलेल्या चिखलात मरळ स्वतःला पुरून घ्यायची आणि मृगापर्यंत दम धरायची. बाकीची मासळी पाण्याबरोबर नाल्यात उतरायची आणि पूर आला की परत चढायची. हे कुणी कधी लिहून ठेवलं नाही, एवढीच काय ती गावाची चूक.

सहा वर्षांमागं धुळ्याच्या साहेबलोकांनी गळ टाकायचा क्लब काढला. मरळ त्यांना आवडेना. ती चिखलातली, सापाच्या डोक्याची, गळाला लागली की तळाशी जाऊन बसायची. साहेबांना उड्या मारणारा, दोरी ताणणारा मासा पाहिजे होता. मग कुठल्याशा डोंगरातल्या तळ्यातून रेल्वेनं पिंपं आली. पिंपांत बोटाएवढी हिरवट पिलं होती, पाठीवर काट्यांचा तुरा आणि तोंड कानापर्यंत फाटलेलं. गावानं त्याला नाव दिलं साहेबमासा.

मासा आला, त्याच्यामागं हुकूम आला. तळ्यात चार हात पाणी बारमाही राहिलंच पाहिजे, मोरीला कुलूप, जाळं टाकेल त्याला शिक्षा. भोयांच्या अकरा घरांतली जाळी गोळा करून पोलीसचौकीत नेऊन टाकली. त्यांत भिकुबाईच्या नवऱ्यानं, सुकदेवनं, आजारपणात खाटेवर बसून विणलेलं जाळंही होतं. शेवटची ओळ विणली आणि चार दिवसांनी तो गेला. ते जाळं एकदाही पाण्यात पडलं नाही.

अकरा घरांतली आता तीन उरली होती, आणि त्यांतली सगळ्यात थोरली बाई भिकुबाईच. भिकुबाईचा मुलगा पुना जळगावला कापसाच्या जिनात लागला होता. त्यानं निरोप धाडला होता, "माय, औंदा तळं सुटलं नही तर आखाजी झाली का गाडी लई येस. भांडाकुंडा बांधी ठेव." म्हणून भिकुबाईचे कान व्हरांड्याकडं होते. तळं सुटलं तर ती इथं राहणार होती, नाही तर वयाच्या पन्नाशीत जिनाच्या चाळीत जाऊन फोतडी झाडणार होती.

वरती मिशांचे साहेब बोलत होते. ते क्लबाचे मुख्य. त्यांचं म्हणणं, मासा बारीक होत चालला आहे. पहिल्या सालात हातभर होता, आता वीतभर. नुसतं डोकं उरलं आहे. म्हणजे मोठे मासे कुणीतरी चोरतं. दुसरे उंच साहेब म्हणाले, चोर कोण ते सगळ्यांना ठाऊक आहे, भोई. पहारा वाढवा आणि आणखी पिलं आणून सोडा.

तिसरे साहेब चष्म्याचे. वयानं लहान, मासळी आणि जंगली जनावरांची देखरेख करणाऱ्या खात्यातून मुद्दाम आलेले. ते म्हणाले, चोरी नाही, गर्दी झाली आहे. मासा फार माजला आहे, तो कमी केला पाहिजे. यावर बाकीचे दोघे असे चमकले, जणू कुणी त्यांच्या घरातलं माणूस कमी करायला सांगितलं. मग कमी कसा करायचा यावर तास गेला. सुरुंग लावायचा का? नको, बंगल्याच्या काचा फुटतील. पाणमांजरं आणून सोडायची का? पाणमांजर बारीक-मोठा मासा बघत नाही. औषध टाकायचं का? ढोरं त्याच पाण्यावर येतात, असं हेडक्लार्क पितांबर हळूच म्हणाले. तेव्हा कुठं ढोरांचं नाव निघालं. माणसांचं तोवर निघालं नव्हतं.

पितांबर धरणगावचे, इंग्रजी शिकलेले. साहेबांचं बोलणं गावाला आणि गावाचं साहेबांना सांगायला ते उभे होते. त्यांच्याशेजारी लोटन पाटकरी, सत्तरीचा, मुंडासं काखेत धरून. चार हात पाण्याच्या खुणेचं काही विचारलं तर असावा म्हणून त्याला बोलावला होता. सकाळपासून त्यालाही कुणी काही विचारलं नव्हतं.

"आबा, पाय दुखतस का?" भिकुबाईनं खालून विचारलं.

"पाय नही दुखत. कान दुखतस," लोटन म्हणाला.

चष्म्याच्या साहेबांनी मग एक प्रश्न केला. हा मासा खातो काय? दोघे साहेब एकमेकांकडं बघायला लागले. सहा वर्षं ते मासा धरत होते, तोलत होते, त्याच्याबरोबर फोटो काढत होते. एक तर आत भुसा भरून क्लबाच्या भिंतीवर लावला होता. पण पोट कुणी उघडलं नव्हतं. पोट उघडणं बायांचं काम. मिशांचे साहेब म्हणाले, पिसांची माशी खातो, आम्ही गळाला तीच लावतो.

भिकुबाईच्या नाकातून हसू निसटलं. तिला इंग्रजी येत नव्हतं. पण मिशांच्या साहेबांनी बोटांनी पंख फडफडवून दाखवले होते, आणि तेवढं कुणालाही कळतं.

"काय झालं अक्का?" पितांबरांनी दटावून विचारलं.

"काही नही भाऊ. साहेबले खाले बलावा. मी दखाडस तो काय खास ते."

साहेब खाली येतील असं तिला वाटलं नव्हतं. पण चष्म्याचे साहेब आले आणि धोतर नसतानाही धोतर सावरल्यासारखे उकिडवे बसले. भिकुबाईनं टोपलीतला मासा घेतला, विळीवर पोट चिरलं आणि आतलं सगळं पळसाच्या पानावर काढलं. दुसरा चिरला, तिसरा चिरला. पानावर बोटाच्या पेराएवढी हिरवट पिलं पडली. काही अजून ओळखू येत होती. पाठीवर काट्यांचा तुरा, तोंड कानापर्यंत.

"हाई देखा," ती म्हणाली. "त्याना पोटमा त्यानाच पिल्लं शेतस."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

मग ती बोलायला लागली. सहा वर्षं या पोटांत काय काय पाहिलं ते तिनं सांगितलं. पहिल्या वर्षी झिंगे निघत होते. दुसऱ्या वर्षी काटवे. मग मरळीची पिलं, लाल, कुंकवाच्या पुडीसारखी. मरळ पिलांचा झुपका घेऊन पाण्यावर फिरायला लागली की सुकदेव आपला तराफा मागं फिरवायचा. लेकुरवाळीच्या वाटेला जायचं नाही, हा भोयांचा नेम. या माशाला नेम नव्हता. त्यानं तळं खाऊन टाकलं. आता खायला काही उरलं नाही, म्हणून स्वतःची पोरं खातो. म्हणून तो बारीक. त्यावर औषध नको, सुरुंग नको. मोरी उघडा. तळं सोडा. मरळ चिखलात जगते, हा मासा चिखलात घडीभर जगत नाही. मोरीच्या तोंडाला जाळं बांधलं, की नाल्यात एक उतरणार नाही. तीन दिवसांत निपटारा. वर गावाला गाळ मिळेल, सहा वर्षं मिळाला नाही, फडातला ऊस हाताएवढा राहिला आहे, विचारा या आबांना.

तिचं बोलणं संपलं. पितांबरांनी साहेबांना सांगितलं. एका श्वासात.

भिकुबाई त्यांच्याकडं बघतच राहिली. "पितांबरभाऊ, मी येवढं बोलनू, अन् तुम्ही येवढंसंच काब्र सांगं?"

"सारांश सांगितला, अक्का."

"मरळनं सांगं का?"

"हो, सांगितलं."

"तुम्ही मरळनं नावच लिधं नही. मन्हा कान शेतस."

लोटन पाटकऱ्यानं मुंडासं तोंडावर धरलं. पितांबरांचे कान लाल झाले. पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी घसा खाकरला आणि या खेपेला लांबलचक सांगितलं, हातांनी चिखल दाखवला, मरळ दाखवली, मोरीसुद्धा. चष्म्याचे साहेब वहीत लिहीत राहिले. मधे मधे मान हलवत होते. सुकदेवचं जाळं मोरीच्या तोंडाला बांधायचं, असं भिकुबाईच्या मनात येऊन गेलं.

तिघे साहेब पुन्हा वर जाऊन बसले. आतून चहा आला. आवाज चढले, उतरले. मग पितांबर पायरीपर्यंत आले, कागदात बघत.

"असं ठरलंय," ते म्हणाले. "अक्काचं म्हणणं फार उपयोगाचं आहे, ते चष्म्याच्या साहेबांनी लिहून घेतलंय. पण तळं सोडलं तर सगळाच मासा मरेल, क्लबाची सहा वर्षांची मेहनत वाया जाईल. म्हणून दोन वर्षं प्रयोग करायचा. भोयांनी क्लबाच्या गळानं रोज बारीक मासा धरून कमी करायचा, मोठा परत सोडायचा. जाळ्याची बंदी कायम. पाण्याची खूण कायम."

"अन् धरेल मासा?" भिकुबाईनं विचारलं.

पितांबरांनी कागद पुन्हा पाहिला. कागदात होतं तेच होतं. "तो काठावर पुरायचा. खायचा नाही, विकायचा नाही. नाहीतर चोरीला तोंड फुटेल, असं म्हणतात."

भिकुबाई उठली. गुडघे वाजले. टोपलीत अजून सात मासे होते.

"म्हणजे आम्हना हातवरी मारा, अन् आम्हनाच हातवरी पुरा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "सासरानं तळं, नवराना हात, मन्ही विळी. अन् खावाले गाडेल माती. भाऊ, साहेबले हाई बठ्ठं सांगा. सारांश नको."

पितांबर वर वळले. चष्म्याच्या साहेबांनी वरून काहीतरी विचारलं. पितांबर म्हणाले असतील काही. भिकुबाईनं ऐकलं नाही. तिनं विळी मिटली, पदराला पुसली आणि टोपली पायरीवर तशीच ठेवून चालू लागली. सहा वर्षांत पहिल्यांदा साहेबांचे मासे न चिरता राहिले. जेवायला त्यांनी काय खाल्लं, कोण जाणे.

लोटन पाटकरी मागून आला. बोराच्या झाडापाशी तो म्हणाला, "अक्का, नारळ शे का घरमा?"

"मोरीले कुलूप शे ना, आबा."

"कुलूप साहेबनं. मोरी मन्हा आजानी बसाडेल शे. कुलूप कथं लागतं ते माले म्हाईत शे, अन् कथं लागत नही तेबी."

तिसऱ्या दिवशी, सूर्य कासराभर वर आला तेव्हा, वाघदऱ्याच्या मोरीवर नारळ फुटला. फोडला भिकुबाईनं. लोटननं पहारीनं मोरीची खालची फळी, जिला कुलूप लागतच नव्हतं, ती उचलली. तिच्या जागी तुरीच्या काड्यांची ताटी उभी ठोकली, म्हणजे पाणी जाईल आणि मासा राहील. पाणी आधी घुटमळलं, मग सहा वर्षांचं साठलेलं असं धडाडून सुटलं, की काठावरच्या बाया मागं सरल्या. चार गावांच्या बैलगाड्या गाळासाठी रांगेनं उभ्या होत्या. त्यांना कुणी सांगितलं, तेही कुणी लिहून ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तळं उघडं पडलं. ताटीशी आणि चिखलावर साहेबमासे पालथे पडले होते, तोंडं कानापर्यंत फाटलेली. लोक टोपल्यांनी उचलत होते. तेव्हा कौतिक हवालदार आला. यावलकडचा माणूस, पोट सुटलेला, त्याला चिखलात उतरायचं नव्हतं. काठावरूनच तो ओरडला, "कोणी टाकलं जाळं?"

"जाळं कुठंय?" लोटननं विचारलं.

हवालदारानं तळ्यावर नजर फिरवली. अडीचशे माणूस, सगळ्यांचे हात चिखलात. जाळं एकही नव्हतं. टोपल्या, घमेली, लुगड्यांचे ओचे.

"जाळा तुम्हना चौकीमा शेतस, दादा," भिकुबाई म्हणाली. "सहा वरीसपाईन. तुम्हीच कुलूप लायेल शे."

मागं कुणीतरी हसलं. हवालदारालाही हसू आलं असतं, पण वहीत नाव लिहायचं होतं. "मोरी कोणी फोडली ते तरी सांगा."

लोटन पुढं व्हायला लागला. भिकुबाईनं त्याला कोपरानं मागं सारलं. नारळ तिनं फोडला होता. रीतीप्रमाणं तळं नारळ फोडणारीनंच सोडलेलं असतं, पाटकरी नुसता हात लावतो.

"लिखा," ती म्हणाली. "भिकुबाई सुकदेव भोई, राहनार वाघदरा. अन् राहनार हाऊ शबुद नीट लिखज्यात. पुसाले नको."

हवालदारानं लिहिलं. आखाजी झाली की धुळ्याला हजर व्हायचं, असं सांगितलं. ती बरं म्हणाली. तिथं साहेब असतील, पितांबर असतील, कागद असेल. चष्म्याचे साहेब वही घेऊन आले तर त्यांना चार गोष्टी आणखी सांगता येतील. शिक्षा झाली तर झाली. पुनाला तिनं सकाळीच निरोप धाडला होता, गाडी आणू नको.

मग ती पुन्हा खाली उतरली, जुन्या डोहाच्या जागी, जिथं चिखल गुडघाभर होता. दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले आणि डोळे मिटून चाचपत राहिली. बराच वेळ काही लागलं नाही. सहा वर्षं फार झाली होती. मरळही त्या माशानं खाऊन संपवली असेल, असं मनात आलं.

तेवढ्यात हाताखालचा चिखल हलला. गार, जाड, दांडग्या मनगटासारखं काहीतरी तिच्या बोटांमधून वळलं आणि आणखी खाली शिरलं.

भिकुबाईनं हात तसाच राहू दिला. धरलं नाही.

"शे," ती वर न बघता लोटनला म्हणाली. "एक तरी शे."