लंगर हॉलमधली आरती

माझ्या वडिलांना एकाच आठवड्यात दोन पदव्या मिळाल्या. इथल्या गुरुद्वाऱ्यात ते भारत सरकारचे हेर ठरले आणि नांदेडला, आमच्या स्वतःच्या गल्लीत, खलिस्तानी. पुरावा दोन्हीकडे एकच होता, एक फोटो.

आधी ओळख सांगते, कारण आम्हाला बघून भले भले गोंधळतात. आम्ही नांदेडचे शीख. रणजितसिंगांच्या फौजेबरोबर आमचे पूर्वज दख्खनमध्ये आले ते तिथलेच झाले. शाळेत मराठी, गल्लीत मराठी, घरात मराठी आणि दखनीची खिचडी. पंजाबी फक्त गुरुबाणीच्या पाठापुरती. मी बलजीत, इंग्लंडमध्ये मेडनहेडला फार्मसिस्ट आहे. आई गेली, मग बाबांना हार्ट अटॅक आला, तेव्हा मी त्यांना इकडे घेऊन आले. नांदेडच्या घरात आता त्यांच्याकडे बघायला कुणी नाही.

पण इथे त्यांचा जीव रमेना. आयुष्यभर कीर्तनात तबला वाजवलेला माणूस दिवसभर खिडकीतून शेजाऱ्यांचे कचऱ्याचे डबे बघत बसायचा. "मला परत पाठव," एवढंच म्हणायचे. मग त्यांना बसच्या वाटेवरचा तो गुरुद्वारा सापडला. रोज सकाळी जायचे, लंगरसाठी कांदे चिरायचे, म्हाताऱ्यांबरोबर चहा प्यायचे, संध्याकाळी मी त्यांना गाडीतून आणायचे. अंगाला कांद्याचा असा वास, की नोव्हेंबरच्या थंडीतही मी गाडीची काच खाली करायचे. "एवढी मोठी फार्मसिस्टीण, बापाचा वास येतो होय तुला?" असं म्हणून हसायचे. ती जागा होती म्हणून ते इथे होते. ती गेली असती तर ते परत गेले असते, आणि एकटे राहिले असते, आणि पुढचं मला बोलायचं नाही.

आता तो फोटो. नांदेडला सचखंडमध्ये, म्हणजे आमच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात, रोज संध्याकाळी ताटात दिवे लावून आरती होते. बाकीच्या बहुतेक गुरुद्वाऱ्यांत आरती नुसती गातात, दिवे ओवाळणं चालत नाही. बाबांना हे ठाऊक होतं, पण दिवाळीच्या दिवशी त्यांना राहवेना. घरून स्टीलचं ताट आणि कणकेचे दिवे घेऊन गेले. तिथल्या ग्रंथवाचक ज्ञानीजींनी प्रेमानेच सांगितलं, वर दरबारात नको बाबाजी, खाली लंगर हॉलमध्ये करा. लंगर हॉलच्या मागच्या भिंतीवर चौऱ्याऐंशीच्या लष्करी कारवाईतल्या शहिदांचे फोटो आहेत, मध्ये त्यांच्या नेत्याचा भला मोठा फोटो, आणि त्याला अगदी लागून एका स्वस्त फ्रेममध्ये आपलं हजूर साहिब. बाबा त्या फ्रेमसमोर उभे राहिले आणि डोळे मिटून आरती केली. चपात्या लाटणाऱ्या हरनूर नावाच्या एका मुलीला त्यांनी स्वतःचा फोन देऊन फोटो काढायला लावला, आणि नांदेडच्या तबलजी मित्रांच्या ग्रुपवर टाकला. त्या दिवशी ते इतके खूश होते, की दोनदा चहा मागून घेतला.

पुढे तो फोटो कुठून कुठे गेला, देव जाणे. तिकडच्या एका चॅनेलवर तो आला तेव्हा त्यातली हजूर साहिबची फ्रेम कापलेली होती. उरले बाबा, दिव्यांचं ताट आणि तो नेता. बाबांच्या पगडीभोवती लाल गोल, आणि निवेदक ओरडतोय, ब्रिटनमध्ये फुटीरतावाद्याची आरती! इकडे गुरुद्वाऱ्याच्या ग्रुपवर फिरत होता तो उरलेला अर्धा. त्यात नेता नव्हता. बाबा, ताट आणि हजूर साहिब. खाली प्रश्न, 'हिंदूंसारखे दिवे ओवाळणाऱ्या या माणसाला कुणी पाठवलंय?'

पहिला फोन सुचेताचा आला. ती आमच्या मराठी मंडळाची, मूळची पुण्याची.

"अगं बलजीत, सहज विचारते हं. काका ओके आहेत ना? मी क्लिप बघितली. आय मीन, मला माहितीये गं ते तसे नाहीत. पण कमिटीत दोघातिघांची परमनंट व्हिसाची अ‍ॅप्लिकेशन्स होम ऑफिसला पेंडिंग आहेत. सो सॅटर्डेच्या दिवाळी प्रोग्रॅममध्ये काकांचा तबला यंदा स्किप करूया का? प्लीज, गैरसमज नको."

"गैरसमज कसला? अगदी नीट समजलं," म्हणून मी फोन ठेवला.

मग नांदेडहून चुलतभाऊ. "ताई, काकांना एक व्हिडिओ करायला सांग. हातात तिरंगा घ्यायचा आणि म्हणायचं, माझा त्या लोकांशी संबंध नाही. पोरं घरापुढून चकरा मारायलेत गं."

फोटो फोडला कुणी? माझा संशय सरळ हरनूरवर गेला. पंजाबातल्या मोग्याहून शिकायला आलेली, गोड बोलणारी, आणि फोनच्या मागे त्याच नेत्याचा स्टिकर. मी लंगरमध्ये जाऊन तिला गाठलंच. बोलणं हिंदीत झालं, पण मी तिखट बोलायला कुठल्याही भाषेत कमी पडत नाही.

ती आधी रडली. मग म्हणाली, "दीदी, फोटो बाबाजींच्याच फोनवर काढला. माझ्याकडे नाहीये."

"आणि हा स्टिकर?"

"गावात होते तेव्हा यांचा फोटो ट्रॅक्टरवर दिसायचा, तेवढाच. घरी बोलणं फक्त व्हिसाचं आणि आयईएल्ट्स परीक्षेचं. इथे आले, खोलीत एकटी. शिफ्ट संपवून फोन उघडला की रोज तेच यायला लागलं. मारलेली मुलं, त्यांच्या आया. मी एक बघितला की फोन दहा दाखवायचा. बघता बघता वाटलं, हे आपलंच आहे, आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं."

मला पटलं. तरी घरी आल्यावर बाबा आंघोळीला गेलेले बघून मी त्यांचा फोन तपासलाच. फोटो त्यांनीच पाठवला होता, फक्त त्या एका ग्रुपवर, खाली लिहिलं होतं 'इथं बी आपली आरती.' फोन जागेवर ठेवताना मला माझीच शरम वाटली. बापाचा फोन चोरून बघायची वेळ आली होती.

दुसऱ्या दिवशी प्रधानजींनी आम्हाला बोलावलं. मोहिंदरसिंग गिल, कमिटीचे प्रमुख, ट्रकचा धंदा, भारदस्त माणूस. त्यांच्या खोलीत आवाज बंद केलेला टीव्ही चालू होता आणि त्यावर कुठल्याशा मोर्चाची दृश्यं पुन्हा पुन्हा येत होती.

"तुझा बाप चांगला माणूस आहे, पुत्तर," ते मला म्हणाले. "पण लोक विचारतात. इथे माणसं येतात, आमच्यात बसतात, आमची नावं तिकडे कळवतात. मग आमच्या नातेवाइकांच्या घरी पोलीस जातात. तुझा बाप फोनवर कुठल्या भाषेत बोलतो?"

"मराठीत."

"ती आम्हाला कळत नाही ना."

माझ्या जिभेवर आलंच होतं काहीतरी. तेवढ्यात ते म्हणाले, "चौऱ्याऐंशीत दिल्लीत माझ्या मोठ्या भावाला घरातून ओढून नेलं. मी आत ट्रंकेमागे होतो. त्यानंतर मी इकडे आलो तो परत गेलो नाही. तिकडचं मला सांगणारा हा टीव्हीच." मला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्यासाठी वाईटही वाटत होतं. दोन्ही एकदम.

बाबा तोडक्यामोडक्या पंजाबीत बोलायला लागले. त्याच दिवसांत नांदेडला, आमच्या दारात समोरची पाटलीणबाई खुर्ची टाकून बसली होती. रात्रंदिवस. येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायची, आत माझी लेकरं आहेत. बाबांनी 'लेकरं' हा शब्द मराठीतच म्हटला, त्यांना दुसरा सापडला नाही. गिलसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. मला वाटलं, संपलं एकदाचं.

"मग प्रश्नच नाही," ते म्हणाले. "बाबाजी, खाली चला. त्या मोठ्या फोटोखाली उभे राहा आणि 'हे आमचे नेते' एवढं म्हणा. मी ग्रुपवर टाकतो, सगळ्यांची तोंडं बंद."

त्यांच्या मनात कपट नव्हतं, ते खरंच वाट काढत होते. पण मला चुलतभावाचा तिरंगा आठवला आणि मस्तकात तिडीक गेली. मी उठणार, तेवढ्यात बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"फोटो नको आता," ते म्हणाले. "कांदे चिरायचे राहिलेत." आणि हळूहळू जिना उतरून स्वयंपाकघरात गेले.

गिलसाहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. शेवटी म्हणाले, "येऊ देत त्यांना. पण दिवे नकोत. आणि फोनवर जरा… समजून घे, पुत्तर."

मी समजून घेतलं. जाताना लंगर हॉलमध्ये डोकावले. मोठा फोटो जागेवर होता. शेजारची हजूर साहिबची फ्रेम नव्हती, भिंतीवर नुसता चौकोनी डाग. रंगकामासाठी काढली, असं कुणीतरी म्हणालं. बाकी कुठल्याच फोटोला रंगकामाची अडचण झालेली दिसत नव्हती.

पण बाबांची जागा राहिली. मी स्वतःला सांगितलं की जिंकलो. ते पुन्हा रोज जायला लागले. नांदेडच्या ग्रुपमधून त्यांनी स्वतःच नाव काढून घेतलं. व्हिडिओ कुणालाच पाठवला नाही. चुलतभावाचे फोन कमी झाले.

परवा मी त्यांना आणायला गेले. बाहेर गाडी लावून नेहमीसारखा फोन केला. "बाबा, आले मी. या बाहेर."

मागे ताटांचा आवाज होता, माणसांचं बोलणं होतं. बाबा मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हां जी पुत्तर, मैं आया जी. सत श्री अकाल."

माझ्याशी. जन्मापासून माझ्याशी मराठी बोललेला माझा बाप. मला रडूच फुटलं. स्टीअरिंग धरून तशीच बसले.

ते आले. दार लावलं, पट्टा बांधला. कांद्याचा तोच वास होता, म्हणून हात सवयीने बटणाकडे गेला आणि काच खाली गेली. "बाबा," मी म्हणाले, "माझ्याशी तरी मराठीत बोला की हो."

त्यांनी आधी मागे बघितलं, मग गुरुद्वाऱ्याच्या दाराशी उभ्या असलेल्या दोघा माणसांकडे. आणि अगदी हळू, ओठ न हलवल्यासारखे म्हणाले, "आधी काच वर कर."