सूर नंतर टाकू

देवराव मास्तरांना पहिला संशय आला तो, "वाजवू नका," असं सांगितल्यावर. अकोल्याच्या वरातींत चाळीस वर्षं क्लॅरिनेट वाजवणाऱ्या माणसाला असं आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"वाद्यं फक्त हातात धरा अन् पाय आपटत चाला, मास्तर," गजेंद्र म्हणाला. "सूर मी नंतर टाकतो."

गजेंद्र हिवरखेडचा गायक. दोन वर्षांत तो असा वर आला होता, की त्याच्या गाण्याशिवाय नवरदेवाची घोडी हलत नव्हती. त्याच्या नव्या व्हिडिओसाठी मास्तरांची बँडपार्टी ठरवली होती ती त्यांच्याच मुलानं, सुगतनं. सुगत पार्टीत ट्रम्पेट वाजवायचा. एरवी सतत बडबडणारा हा पोरगा आज सकाळपासून बापाच्या नजरेला नजर देत नव्हता.

शूटिंग होतं शहराबाहेरच्या, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात. चौदाही वादकांना काळे कोट आणि काळ्या टोप्या मिळाल्या. बँडवाल्याला गणवेशाचं नवल नसतं. पण कोटासोबत दंडावर बांधायला लाल पट्टी होती, पट्टीवर पांढरा गोल, आणि गोलात काळं स्वस्तिक.

"शुभच हाय की," ढोलवाला श्याम पट्टी बांधता बांधता म्हणाला. "माही माय दर सणाले दारावर काढते."

मास्तरांनी पट्टी डोळ्यांजवळ नेली. "तुही माय असं तिरपं काढते काय रे? काळ्या रंगानं?"

श्यामनं मान वाकडी करून पट्टी पुन्हा पाहिली.

"डिझाइन हाय ते," गजेंद्र मागून म्हणाला. जरा घाईनंच म्हणाला. "अन् हे पाहा, गाणं बाहेर येईपर्यंत कोन्ही फोटो काढू नोका."

साध्या डिझाइनची एवढी लपवाछपवी कशाला? समोर गजेंद्रनं जमवलेली शे-दीडशे पोरं रांगेत उभी होती. गजेंद्र ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढला, की पोरं उजवा हात ताठ पुढे करत आणि एका सुरात ओरडत. मास्तर पाणी प्यायच्या निमित्तानं भिंतीआड गेले. तिथं त्यांनी पट्टीचा फोटो काढला आणि लेकीला पाठवला. प्रियदर्शनी अमरावतीच्या एका शाळेत इतिहास शिकवायची. मिनिटभरात तिचा फोन आला.

"बाबा, हे कोणं देलं तुमाले?"

"गजेंद्रनं. काय हाय हे?"

"हिटलरच्या पार्टीचं निशाण आहे. ज्यांनी लाखो लोकं छावण्यांत कोंडून मारले, त्यांचं. त्या छावण्यांत बँड असायचे, बाबा. कैद्यांचेच. बाकीचे कैदी सकाळी कामाले निघाले, की त्यांच्यासाठी कवायतीचं वाजवा लागे. सांजच्याले मुर्दे उचलून परत येत, तवाही वाजवा लागे."

मास्तरांनी फोन ठेवला. भिंतीपलीकडे आपली तेरा माणसं काळ्या कोटात उभी होती, पाय आपटायची तालीम करत. मास्तरांनी दंडावरची पट्टी सोडली आणि सरळ ट्रॉलीपाशी गेले.

"आमी हे घालत नाही, गजेंद्र."

"काहून? फॉरेनचे मोठमोठे गायक घालतात असं. मी दाखवतो तुमाले." त्यानं मोबाइल पुढे केला. "नुसता लुक हाय, मास्तर. दरारा दिसते. इथं कोणाले समजते त्याचा अर्थ?"

"तुले समजते ना?"

गजेंद्र मोबाइलवर बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "कडक माणूस होता तो. शिस्तीचा. आपल्याकडं असाच पायजे."

मास्तर सुगतकडे वळले. "अन् तुले?"

सुगतनं खाली पाहिलं. "माहीत होतं, बाबा. मले वाटलं, तुमच्या ध्यानात येनार नाही."

हा घाव मास्तरांना गजेंद्रच्या बोलण्यापेक्षा खोल लागला. कोट काढून त्यांनी घडी घातली, ट्रॉलीवर ठेवली आणि फाटकाकडे चालू लागले. श्याम ढोल सावरत मागे आला, त्याच्यामागे सहा जण. बाकीचे तिथंच थांबले. सुगत आला तो सगळ्यांत शेवटी, रस्ताभर वीस पावलं मागे राहून.

महिनाभरात गाणं आलं. सोडून गेलेल्यांच्या जागी दुसऱ्या पार्टीची माणसं होती. पट्ट्या, झेंडे, ताठ हात, सगळं तसंच. प्रियदर्शनीनं व्हिडिओ काढून टाकावा म्हणून तक्रार केली. व्हिडिओ चार दिवस दिसेनासा झाला, मग दुसऱ्या नावानं परत आला. कौंडण्यपूरच्या जत्रेत पाळण्यावर तेच गाणं वाजत होतं. वरातींत पोरं तेच मागत, मास्तर नाही म्हणत. दोन लग्नं तेवढ्यासाठी हातची गेली. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. पण फर्माइश करणारा प्रत्येक चेहरा ते आता निरखून पाहत. याला ठाऊक असेल, की हा नुसताच नाचतोय?

एका संध्याकाळी ते ओसरीवर रियाजाला बसले. भूपाची फिरत चालू होती. बोटं आपसूक वळली आणि दोन ओळी वाजून गेल्यावर त्यांना कळलं, आपण गजेंद्रचीच चाल वाजवतोय. चाल चांगली होती. तीच तर पंचाईत होती.

आतून त्याच लयीत पाय आपटल्याचा आवाज आला. मास्तरांनी क्लॅरिनेट खाली घेतलं. आतला आवाजही थांबला.

"सुगत?"

"काही नाही, बाबा. चहा ठेवू?"

"ठेव," मास्तर म्हणाले, आणि दाराकडे पाहत राहिले.